तलावाचा अर्धा फेरा

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मोरटोल्यात जागा माणूस शोधायचा, तर दिवा घेऊनच निघावं लागतं. धान कापून झाला की झाडीपट्टीत एकेका गावाची मंडई भरते. दिवसा जिलेबी, पाळणे, बांगड्यांची दुकानं, आणि रात्री मांडवात नाटक, तेही पहाटे पाचपर्यंत. मग घरोघरी पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे आणि त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून आलेले आणखी कुणी. कोण कुणाचा हे विचारायचं नसतं. ताट वाढायचं, अंथरूण टाकायचं. आणि हो, इकडची आणखी एक रीत आहे. मंडईला आलेला पाहुणा नाटक तर पाहतोच, पण घरात लग्नाची मुलगी असेल तर जाता जाता तिलाही पाहून जातो.

केवलराम पटल्यांच्या घरी ती मुलगी होती गुंजन. वय चोवीस, आणि या क्षणी ओसरीच्या पायरीवर बसून ती बुटांची नाडी आवळत होती. नाडीचा तसा काहीच दोष नव्हता.

दोष होता शालीकराममामांचा. त्यांनी दवनीवाड्याचं स्थळ आणलं होतं. हेमेंद्र नाव, वीस एकर धानाची शेती, दारात ट्रॅक्टर. अट एकच, सून घरात राहील. आणि इकडे गुंजनचं नाव वनरक्षकाच्या यादीत लागलेलं. धावणं झालं, उंची मोजून झाली. आता फक्त चालायची परीक्षा उरली होती. सहा दिवसांनी, चार तासांत सोळा किलोमीटर. पार केले तर अंगावर खाकी वर्दी चढणार. नाही केले, तर पुढची भरती कधी निघेल ते देव जाणे, आणि तोवर आपण दवनीवाड्याला धान पाखडत असू हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाप तसा मनाचा चांगला, पण भिडस्त. काल संध्याकाळी गोठ्यात तिला हळूच म्हणाला होता, "पाहुन्याले घरी बलावून आपनच नाई म्हनाचं, हे मले जमत नाई, बाई. तोच नाई म्हनून गेला, तं मी खुशीनं चहा पाजून सोडतो."

तोच नाही म्हणून गेला तर... गुंजन रात्रभर नाटक सोडून हाच विचार करत बसली आणि पहाटेपर्यंत तिचा बेत ठरला. गावच्या तलावाला एक पूर्ण फेरा म्हणजे आठ किलोमीटर. वाट सपाट, सोपी, म्हातारी माणसंही रमतगमत जातील अशी. पण तीच वाट गुंजनच्या चालीनं चालायची म्हटलं की चांगल्या चांगल्यांच्या तोंडाला फेस येतो. तिचा भाऊ एकदाच तिच्यासोबत गेला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यानं कॉलेज बुडवलं होतं. मुलगा बारा वाजता परत निघणार होता. त्याआधी त्याला एवढा चालवायचा, की घरी जाऊन त्यानं हात जोडून सांगावं, 'ही पोरगी नको.'

मामांनी खूण सांगितली होती. उंच आहे, चष्मा आहे, पांढरा शर्ट घालून येईल, रात्री थेट नाटकालाच.

अंगणात गोधड्यांखाली सातजण घोरत होते. जागा एकच. हापशीवर तोंड धुऊन, शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत उभा असलेला. उंच, आणि शर्ट पांढराच. चष्म्याविना त्यानं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं, आणि ते दुसरं पाहणं जरा जास्तच लांबलं. गुंजनला उगाचच ओढणी नीट करावीशी वाटली. तिनं ती केली नाही.

"पाहुने न तुमी?" तिनं विचारलं.

"हाव... पाहुनाच आहो."

"नाटकाले आलते?"

"नाटकालेच आलतो."

"मंग चला. तलाव दाखवते."

"आता? चहा—"

"चहा वापस आल्यावर."

त्यानं एकदा झोपलेल्या अंगणाकडे पाहिलं, एकदा तिच्या बुटांकडे, आणि मग स्वतःच्या पायांतल्या चपलांकडे. गुंजननंही त्या चपला पाहिल्या आणि तिला मनातून बरं वाटलं.

तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, चढलं की मोरटोल्याचं माणूससुद्धा क्षणभर थांबतं. तीन बाजूंनी डोंगर आणि मधे हे एवढं पाणी. रात्रीचं धुकं कुठल्याकुठे पळालं होतं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं, आणि एवढं स्वच्छ, की डोंगरांच्या मागे प्रतापगडचा माथासुद्धा दिसत होता. काठाला कमळाची पानं, त्यांवरून टुकूटुकू चालणारे पाणपक्षी. डिसेंबरचं ऊन पाठीवर हात ठेवावा तसं पाठीवर पडलेलं.

"वा..." तो थांबून म्हणाला.

"थांबाचं नाई," गुंजन म्हणाली आणि निघाली.

पहिला किलोमीटर तिनं नुसती चाल धरली. मागून चपलांचा फटक-फटक आवाज येत होता, आणि तो दूर पडत नव्हता. हे काही बेतात नव्हतं. तिनं दुसरं शस्त्र काढलं.

"एक सांगून ठेवते. मले सैपाक येत नाई."

"बरं."

"भात करपते. वरनात मीठ दोनदा पडते."

"बरं."

"पहाटे चार वाजता उठते. आंघोळ नाई, पूजा नाई. बूट घालते आन पळते."

"चांगलं आहे."

चांगलं आहे? गुंजननं चाल वाढवली. "मी वनरक्षक होनार आहो. रातबेरात जंगलात राहीन. सासू म्हनन भाकर थाप, तवा मी कोठी असीन? वनवा विझवून राह्यली असीन."

मागून हसण्याचा आवाज आला. टिंगलीचा नव्हता. एखादी गोष्ट मनापासून आवडली की येतो तसा.

"सोळाचं चालनं बाकी असंन?" त्यानं विचारलं.

"तुमाले काऊन माहीत?"

"सेंटरवर पोरींचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो न मी. वनरक्षकाचे बी. कवा आहे?"

"सहा दिवसांनी." तिला नवल वाटलं. सून घरात कोंडणारा हा माणूस दुसऱ्यांच्या पोरींचे फॉर्म भरतो? दवनीवाड्याचं पाणी काही औरच दिसतं, असं ती मनात म्हणाली.

तेवढ्यात फट्ट आवाज झाला. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. आता हा बसणार, आता कण्हणार... गुंजन वळून पाहू लागली. त्यानं तुटलेली चपल उचलली, मग दुसरीही काढली, दोन्ही एका हातात धरल्या आणि अनवाणी चालू लागला.

"वापस जायाचं का?" तिनं विचारलं. हे खरं तर त्यानं विचारायला हवं होतं.

"काऊन? वाट मऊ आहे."

वाट मऊ नव्हती. मुरूम होता. गुंजनची चाल तिच्या नकळत थोडी हळू झाली, आणि ते ध्यानात येताच तिला स्वतःचाच राग आला.

"एक बोलू?" तो म्हणाला. "राग नका येऊ देऊ. तुमी सुरवातीलेच लय जोर लावता. नाटकात पाहा न. पहिल्या अंकात जो आवाज फाडते, त्याचा शेवटच्या अंकात घसाच राहत नाई. तुमचा दम आताच फुलून राह्यला."

खरं होतं ते. गेले पंधरा दिवस बाराव्या किलोमीटरला तिच्या पोटात कळ यायची आणि पाय शिसं भरल्यासारखे व्हायचे. हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं.

"मंग का करू?"

"मी मोजतो. तुमी फकस्त पाय टाका."

आणि तो मोजू लागला. तिच्या खांद्याच्या अर्धं पाऊल मागे, अगदी खालच्या आवाजात. एक... दोन... तीन... चार... श्वास. एक... दोन... त्या आवाजात काहीतरी होतं. तो चढत नव्हता, ओढत नव्हता, पण नेमका कानात पोचत होता. हळूहळू तिची छाती निवांत झाली. पाय आपोआप पडू लागले. पाण्यातले डोंगर सोबत सरकत होते, मोहाच्या झाडांची सावली येत होती, जात होती, आणि आपण याला पळवून लावायला निघालो होतो हे गुंजन साफ विसरून गेली.

विसरली म्हणूनच खरं बोलून बसली.

"तुमाले खरं सांगू? मी कोनाची सून व्हाले नाई म्हनत नाई. पन आदी मले माह्यं नाव वर्दीवर पाहाचं आहे. गुंजन केवलराम पटले. छातीवर. पितळेच्या पट्टीवर."

मोजणं थांबलं होतं.

"हे वाक्य चांगलं आहे," तो म्हणाला.

"वाक्य?"

"म्हंजे... पाठ करून ठेवण्यासारखं आहे."

पलीकडच्या काठाला, बरोबर अर्ध्या फेऱ्यावर, चैतराम ढिवर आपला डोंगा काठाला लावून जाळं झटकत होता. त्यानं या दोघांना पाहिलं आणि हात वर केला.

"अरे, प्रॉम्प्टरसायेब! तुमची कंपनी तं पहाटंच गेली न? तुमी कसे राह्यले?"

गुंजन थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"कोन?" ती म्हणाली.

"हे न, रातच्या नाटकाचे. स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून सगळ्यायले बोल सांगतेत. हिरोनीपेक्षा यायचाच आवाज गोड लागला मले," चैतराम म्हणाला आणि पुन्हा जाळ्याला लागला.

गुंजन त्याच्याकडे वळली. "तुमी... हेमेंद्र नाई?"

"मी प्रफुल. प्रफुल टेंभरे, देवरीचा." त्यानं चष्मा काढून पुसला, जरूर नसताना. "खड्ड्यातच झोप लागली. प्रॉम्प्टर कोनाले दिसत नाई, म्हनून राह्यला हे बी कोनाच्या ध्यानात आलं नाई. मंडळवाल्यायनं तुमच्या घरी झोपाले पाठवलं. मले वाटलं, तुमच्या घरी पाहुन्याले तलाव दाखवाची रीत असंन."

"आन मी ते सैपाकाचं, सासूचं सांगून राह्यली होती, तवा का वाटलं?"

"तवा वाटलं... रीत जरा मोठी आहे."

गुंजनला हसू आलं, लाज वाटली आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिन्ही एकदमच. ती मटकन पाळीवर बसली आणि तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. मामा, दवनीवाडा, चालवून दमवायचा बेत, सगळं. खरा हेमेंद्र घरी आरामात घोरत पडला होता. बाराला निघण्याआधी मामा त्याच्या हातात नारळ देणार होते, आणि नारळ दिला की लग्न पक्कं, संपलं.

"आता त्याले चालवाले दुसरा फेरा नाई होत," ती म्हणाली. "मीच सांगते. सगळ्यायच्या पुढं." मग तिनं वर पाहिलं. "तुमी लोकायले वाक्यं देता न? मले एक द्या. नाई म्हनाचं."

प्रफुलनं मान हलवली. "दुसऱ्याचं वाक्य ऐनवेळी तोंडात बसत नाई. रोज पाहतो मी. तुमचं तुमच्याजवळ आहे. आत्ता बोलल्या ते."

चालत गेलं तर उशीर झाला असता. चैतरामनं दोघांनाही डोंग्यात घेतलं आणि सरळ तलाव कापला. लाकडी डोंगा अरुंद. प्रफुल समोर बसला होता, तुटलेल्या चपला मांडीवर घेऊन. त्याच्या टाचेला मुरुमानं कापलं होतं. गुंजननं ओढणीचं टोक पाण्यात बुडवून त्याच्या हाती दिलं. तो नको नको म्हणाला. तिनं फक्त डोळे मोठे केले, आणि त्यानं मुकाट्यानं टाच पुसली. चारी बाजूंनी पाणी आणि डोंगर, आणि एकमेकांकडे न पाहण्यासाठी दोघांनी घेतलेले नाना कष्ट. चैतराम मात्र गालात हसत होता.

अंगणात पोचले तेव्हा मंडळी उठली होती. खाटेवर शालीकराममामा, शेजारी हेमेंद्र. उंच, चष्मा, पांढरा शर्ट आणि हातात चहाची बशी. आई सुखवंताबाई कुंकवाचं ताट घेऊन दारात, आणि ताटात नारळ.

"कोठी गेली होती, पोरी? पाहुने केवाचे वाट पाहून राह्यले," मामा म्हणाले. "ये, बस."

गुंजन बसली नाही. बुटांना चिखल, कपाळावर घाम, ओढणीचं टोक ओलं. तिनं हेमेंद्रकडे सरळ पाहिलं.

"तुमी चांगल्या घरचे आहा. तुमच्यात काई खोट नाई. पन सहा दिवसांनी माह्यं सोळा किलोमीटरचं चालनं आहे. मी ते पार करनार आहो. मी..."

आणि तिथं तिचा आवाज अडकला. तिच्या बाबूजींनी मान खाली घातली होती. आई ताटातल्या नारळाकडे पाहत होती. समोर एवढी माणसं, आणि पुढचं वाक्य कुठे गेलं ते तिला सापडेना. एक क्षण गेला. दुसरा गेला. मामा खाटेवरून उठू लागले.

"आदी मले..."

हापशीकडून आला तो आवाज. अगदी खालचा. अंगणात बाकी कुणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही. तिच्या मात्र नेमका कानात पोचला.

"आदी मले माह्यं नाव वर्दीवर पाहाचं आहे," गुंजन म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता. "मंग लग्नाचं. जो थांबन त्याच्यासंगं. तुमच्या घरी सून घरात पायजे. ते मले जमनार नाई. नारळ देऊ नका, मामा."

हेमेंद्रनं बशी खाली ठेवली.

"बरं झालं तोंडावर सांगितलं," तो म्हणाला. चेहरा पडला होता, पण माणूस सरळ होता. "आमच्या घरी खरंच नाई जमनार. मामाजी, कोनी चुकलं नाई यात."

मामांचा फुगा फुटला होता. त्यांनी केवलरामकडे पाहिलं. तो भिडस्त बाप उभा राहिला, बायकोच्या हातातलं ताट घेतलं आणि नारळ उचलून फळीवर ठेवला.

"पोरीनं सांगितलं, तेच माह्यं बी," तो म्हणाला. "पाहुने, जेवून जाजा."

गुंजननं हापशीकडे पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं. रात्री दुसऱ्या गावी कंपनीचा प्रयोग होता, आणि बाराची बस कुणासाठी थांबत नाही. हापशीच्या कट्ट्यावर अंगठा तुटलेल्या चपला तेवढ्या राहिल्या होत्या. बिचारा अनवाणीच गेला.

सहा दिवसांनी परीक्षा झाली. सरळ डांबरी रस्ता, छातीवर नंबर, शंभरेक मुली. पहिल्याच किलोमीटरला अर्ध्या मुली तिच्या पुढे निघून गेल्या. गुंजननं जोर लावला नाही. बाराव्या किलोमीटरला नेहमीची कळ यायची वेळ झाली तेव्हा ती तोंडातल्या तोंडात मोजू लागली. एक... दोन... तीन... चार... श्वास. पण कानात आवाज तिचा नव्हता. तीन तास दोन मिनिटांत ती शेवटच्या दोरीपलीकडे गेली, आणि तिला पहिली आठवण आली ती हापशीची.

जानेवारीतली अशीच एक निरभ्र सकाळ. गुंजन घराबाहेर पडली आणि थबकली. हापशीपाशी प्रफुल उभा होता. पांढरा शर्ट, चष्मा आणि पायांत नवेकोरे बूट.

"लिस्ट पाहिली," तो म्हणाला. "सेंटरवर. काल चारदा पाहिली."

"हे सांगाले देवरीवरून आले?"

"नाई. अर्धा फेरा राह्यला होता."

राहिलेला अर्धा फेरा गावापासून उलट्या बाजूनं सुरू होतो. डोंगराच्या पायथ्यापायथ्यानं, पळसांखालून. आज गुंजन हळू चालत होती. नोकरी मिळालेल्या माणसाला घाई नसते. प्रफुल दोनदा घसा खाकरला, तीनदा चष्मा पुसला, पाणपक्ष्यांबद्दल काहीतरी बोलला, ते चुकीचं होतं. चैतरामच्या डोंग्यापर्यंत पोचले तरी त्याचं मुद्द्याचं काही निघेना.

"काई सांगाचं होतं का तुमाले?" गुंजननं विचारलं.

"हाव... बसमंदी सगळं पाठ होतं."

"मंग?"

"आता आठवून नाई राह्यलं."

ती थांबली. मग अर्धं पाऊल मागे सरली, त्याच्या खांद्यामागे, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "गुंजन..."

प्रफुलचे कान लाल झाले. "गुंजन..." तो म्हणाला.

"मले तुमच्यासंगं..."

तो गर्रकन वळला. "नाई. हे नको सांगू. दुसऱ्याचं वाक्य तोंडात बसत नाई, मीच म्हनलं होतं." त्यानं दीर्घ श्वास घेतला. एक, दोन, तीन, चार मोजून घेतला, हे तिला दिसलं. "तू जंगल राख. कोठीबी पोस्टिंग भेटू दे. सेंटर कोठीबी टाकता येते. आन मले सैपाक येते. कंपनीत आचारी आला नाई, तं तीस लोकायचा भात मीच रांधतो. तू वनवा विझवून येशीन, तवा भात गरम राहीन. करपलेला नाई. वरनात मीठ एकदाच. थांबतो मी. जेवढं म्हनशीन तेवढं."

एवढं मोठं वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा पुढे उभा राहून बोलला होता. पाण्यात डोंगर उलटे, गप्प उभे होते. गुंजनला त्याच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. शेवटी तिनं त्याच्या बुटांकडे पाहिलं. एका बुटाची नाडी सुटली होती. ती खाली वाकली, नाडी घट्ट बांधली आणि उभी राहिली.

"वर्दीची पट्टी फेब्रुवारीत भेटन," ती म्हणाली. "ती लावून आदी बाबूजीले दाखवीन. मंग तू नारळ घ्याले ये."

"बरं."

"आन एक सांगून ठेवते. सोळा किलोमीटर चालून आली, की मले लय भूक लागते. तांदूळ जास्त टाकजो."

"बरं," प्रफुल म्हणाला, आणि दोघं चालू लागले. या वेळी कुणी मागे नव्हतं.